आधी कुणाचं?

आंबी गावात आमच्याकडे भातलावणी सावडीनं व्हायची. म्हणजे आज सगळ्या बायका तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. पण आधी कुणाचं, हे ठरायचं सकाळी बांधावर, आणि ते ठरवणं म्हणजे नुसता कलकलाट! एकीचं रोप पिवळं पडायला आलेलं, दुसरीच्या खाचरात पाणी टिकत नाही, तिसरीची सून बाळंतीण. आई सगळ्यांत मोठ्यानं भांडायची. तासभर एकमेकींना घालूनपाडून बोलून झालं की कशा कोण जाणे, सगळ्या एकाच खाचराकडे निघायच्या.

मला त्या तासाचा भारी राग. मी तळेगावच्या कंपनीत प्लॅनिंगला. चार बुकं शिकलेली, त्यामुळे शहाणपण नुसतं उतू चाललेलं. एका वर्षी प्रत्येकीचं खाचर, पाणी, रोपाचं वय असं सगळं फोनमध्ये भरलं आणि त्यानं काढून दिलेली यादी सगळ्यांना पाठवली. लावणी चार दिवस आधी उरकली. मी आठवडाभर तोऱ्यात होते.

फक्त बांधावर कुणी थांबेना. नंबर असेल त्या खाचरात यायचं, लावायचं, निघायचं. त्या वर्षी एकीची सून बाळंतीण होती, ते यादीत भरायचं मला सुचलंच नव्हतं. तिच्या सासूचा नंबर शेवटी लागला आणि ती एका शब्दानं बोलली नाही. पूर्वी तिच्यासाठी बाकीच्याच भांडल्या असत्या. पुढच्या वर्षी तिनं स्वतःच्या फोनला विचारलं आणि मजूर लावून मोकळी झाली. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीचा फोन हुशार! सावड मोडली, आणि ती मी मोडली.

आता आमच्याकडे लावणीचं यंत्र येतं. यंदाही आई सकाळीच बांधावर जाऊन बसली.

"आई, यंत्र अकराला येणार आहे. आत्तापासून कशाला?"

"बगते, कुनी येतंय का."

तो कलकलाट मला परत हवा होता, आईशी हमरीतुमरीवर येणाऱ्या त्या सगळ्याजणी हव्या होत्या. मी शेजारी बसले आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "बोल, आधी कुणाचं?"

आई हसली. "आगं, दोघींत कसलं भांडान? तुजं समदं मला म्हाईत, माजं तुला."

पलीकडच्या बांधावर ती सासूही मजुरांची वाट बघत एकटीच बसली होती. आईनं तिकडे बोट दाखवलं.

"तिला हाक मार," ती म्हणाली. "यायची न्हाई ती. पर तू मार."