उकळलेली सुई आणि पदर

नागपूरच्या एका दवाखान्यात मी मधुमेह्यांच्या घरच्यांना इन्सुलिन टोचायला शिकवायची. तेव्हा काचेची सिरिंज घरीच उकळावी लागे. लकडगंजहून येणारी एक मावशी सगळं बरोबर करायची. सिरिंज उकळायची, औषध अचूक ओढायची आणि टोचण्याआधी सुई हमखास पदराला पुसायची! डोकंच फिरायचं माझं. तिच्या नवऱ्याच्या मांडीत एकदा पू झालेला, तरीही!

"मावशी, काहून पुसता?" मी ओरडलेच.

"पुसल्याबिगर कोणाले पाण्याचा गिलास तरी देतो का वं बाई आपण?"

शेवटी मीच तिचा पदर कमरेला घट्ट खोचला. त्या दिवशी तिनं नवऱ्याला नीट टोचलं. मी हुश्श केलं. सिरिंज खाली ठेवून तिनं पदर ओढून काढला आणि मी "अहो!" म्हणेपर्यंत माझ्या कपाळावरचा घाम पुसून टाकला.