हलर बंद करा, असं मी लिहिलं होतं

जानेवारीचा दुसरा रविवार. दिवाळीपासून इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. कामात राहून गेलं... आणि आज लिहितेय तेही लाज वाटत असताना.

नव्या मंडळींसाठी सांगते, मी चंद्रपूरला राहते आणि छोट्या कारखानदारांची विजेची बिलं तपासून देते. कोणता दर लागतोय, कोणत्या वेळची वीज महाग पडतेय, मंजूर भार गरजेपेक्षा जास्त आहे का... बिल कमी करायच्या वाटा शोधायच्या.

नोव्हेंबरात गोंडपिपरीकडच्या एका राइस मिलचं काम आलं. अशा बिलात युनिटशिवाय ‘मागणी’चा एक आकडा असतो. महिन्यात एखादा अर्धा तास जरी सगळ्या मोटरी एकदम चालल्या, तरी त्या अर्ध्या तासाच्या मापाने महिनाभराचा आकार लागतो.

मीटरच्या नोंदी काढल्या. सगळ्यात मोठा आकडा संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या मध्ये येत होता... आणि वीजही तेव्हाच महाग.

संध्याकाळी तिथे वेगळं काय चालतं? हलर. मजुरीवरून परतणाऱ्या बाया घरचं अर्धं पोतं धान आणतात, ते कांडून देणारं जुनं यंत्र. अहवालात मी लिहिलं, हलर बंद करा. दोन ओळींत... मालक खूश झाले.

हलर शेवंताबाई चालवायच्या. पगार नाही. कोंडा मालकाचा आणि चाळणीखाली पडलेली कणी हलर चालवणारीची, अशी तिथली रीत. त्या कणीवर त्यांच्या घरच्या चौघांची चूल चालायची. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

परवा डिसेंबरचं बिल आलं. मागणीचा आकडा जिथल्या तिथे! आधी मीटरवर संशय घेतला, मग स्वतःवर. काल एसटीने गेले आणि सहाच्या आधी मिलच्या दारात उभी राहिले.

धानाचे ट्रॅक्टर आले. माल उतरवायला धान वर चढवणारा एलिव्हेटर सुरू झाला, त्याच दमात धान वाळवायच्या ड्रायरचा पंखा... आणि आतली मिल तर चालूच होती. ट्रॅक्टर रिकामे झाल्यावर पंखा लावला असता, तर काम झालं असतं. एवढंच होतं ते.

शेवंताबाई रिकामी पोती मागायला आल्या होत्या. माझ्याशेजारी उभं राहून म्हणाल्या, “मॅडम, ट्रॅक्टर आले का मी हलर बंदच ठेवो. लाइन डिम होते, पट्टा घसरते. बाया तवा भाईर गप्पा हानत बसत.”

म्हणजे नेमक्या त्या अर्ध्या तासात हलर चालतच नव्हता.

“मग तेव्हा का नाही सांगितलं?” मी विचारलं... आणि विचारताच स्वतःची चीड आली.

“मले कोनं विचारलं? तुमी तं हाफिसात कागद पाहून राह्यल्या होत्या. दोनदा चहा आनून देल्ला ना मीच.”

चहा आठवतो. आणणारीचा चेहरा काही केल्या आठवत नाही.

मालकांना सांगितलं, चूक माझी आहे, हलर पुन्हा सुरू करा आणि पंखा ट्रॅक्टर रिकामे झाल्यावर लावा. ते हसले. “आता कायचा हलर, मॅडम? त्याची मोटर तं बोअरवर बसवली. पंख्याचं पाहू ना भाऊ, पुढच्या सीझनले.” बाईलाही ‘भाऊ’ म्हणायची त्यांची सवय आहे... एरवी मला हसू आलं असतं.

पोती कशाला, ते निघताना कळलं. शेवंताबाई मंगळवारी तेलंगणात मिरची तोडायला चालल्या आहेत, दोन महिन्यांसाठी. सोबत सामान भरून न्यायला पोती. “गाडी भरली का निघतो,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या अहवालातली एकही नोंद खोटी नव्हती. तेच जास्त छळतंय. यापुढे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय सही करणार नाही, असं ठरवलंय... पण त्याने शेवंताबाईंची चूल पेटत नाही.

हलरसाठी दुसरी मोटर आणली तरी मालक ती बसवू देतील का, कोण जाणे. आणि तोवर गाडी निघून गेलेली असेल.

उद्या : हलरला चालेल अशी जुनी मोटर चंद्रपुरात शोधायची.