कुंकू लावलेला मदरबोर्ड

"मॅडम, तुम्हीच सांगा आता. हे कुंकवानं मेलं काय?"

वंदनानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून बाजूला ठेवलं. मी आत वाकून पाहिलं. कोऱ्या मदरबोर्डच्या मधोमध हळदीचं एक बोट, त्यावर कुंकवाचं एक बोट. रॅमच्या कडेला दोन अक्षता अडकलेल्या. पंख्याच्या जाळीत झेंडूची पाकळी.

चोवीस वर्षं मी दिग्रसला कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. उघडलेल्या कॅबिनेटमध्ये मी पाली पाहिल्या, उंदरांची बाळंतपणं पाहिली. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या सुरू झाल्या की इथे हवेत कापूस तरंगतो. तो पंख्यातून आत जातो आणि बोर्डवर पातळ गादीसारखा पसरतो. दुपारी उन्हाच्या तिरिपेत ते तंतू इतके सावकाश खाली येतात, की हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहतो. अशा वेळी गिऱ्हाईक आलं की मला खरं तर त्याचा रागच येतो. पण इतकं नटवलेलं मशीन मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला ते सुंदर वाटलं.

वंदना माझी जुनी विद्यार्थिनी. लग्नाआधी तिनं माझ्याकडे हार्डवेअरचा कोर्स केला होता. आता दिग्रसपासून अर्ध्या तासावरच्या गावात ती एम्ब्रॉयडरीचं काम करते. शाळांचे बॅज, ब्लाउजवरची नक्षी. मशीनला डिझाइन लागतं आणि ते कॉम्प्युटरवर करावं लागतं. आजवर ती दुसऱ्याकडून करून आणायची. हा तिचा पहिला स्वतःचा कॉम्प्युटर होता.

तिच्या मागे दारातच एक म्हातारी उभी होती. दोन्ही हात पदराखाली. वंदनाची सासू, जनाबाई.

"मावशी, आत या ना. बसा."

"नोको वो पोरी. मी इथंच बरी आहो. माह्या हाताचं काही लागू नये."

वंदनानं नजर खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट जनाबाईंचाच. त्यासाठी त्यांनी आपल्या दोन बकऱ्या विकल्या. धनत्रयोदशीला सासू-सून यवतमाळला जाऊन सुटे पार्ट घेऊन आल्या. दुकानदार तिथेच जोडून द्यायला तयार होता, पण जनाबाई नाही म्हणाल्या. त्यांच्या घरी नवी वस्तू आधी देवापुढे जाते, मग वापरात येते. डबा जोडून बंद झाला तर आतल्या वस्तूंची पूजा कशी करणार? बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, काम तर आतलं करणार! मला हा विचार अगदी बिनतोड वाटला. त्यांनी देवघरापुढे पाट मांडला, खोकी उघडायला लावली आणि एकेका पार्टाला हळद-कुंकू वाहिलं. मग वंदनानं सगळं जोडलं आणि बटन दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळाच राहिला.

वंदनानं दुकानात फोन केला, स्पीकरवर. दुकानदारानं विचारलं, "बोर्डले काही लावलं का?" वंदनानं खरं ते सांगितलं. "मग गेला बोर्ड. हे कस्टमर डॅमेज झालं. वॉरंटी नाई, रिफंड नाई." घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. टाकून कुणी बोललं नाही. धाकटा दीर तेवढा हसला.

तेवढं पुरलं. त्या दिवसापासून जनाबाई घरातल्या कशालाच हात लावेनात. चुलीवरचं दूध उतू जायचं, तरी त्या लांबूनच सुनेला हाक मारायच्या. देवाची पूजाही बंद झाली होती.

"मीच दिलं अन् म्याच मारलं," त्या दारातून म्हणाल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी मशीन लावलं. पंखे फिरले, स्क्रीन काळा. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. पण आमच्या धंद्यात एक साधी खूण आहे. कीबोर्डवर कॅप्स लॉकचं बटन असतं, त्याला छोटासा दिवा असतो. बटन दाबल्यावर तो लागला आणि पुन्हा दाबल्यावर विझला, तर बहुतेक वेळा मशीन आतून जागं असतं. हाक मारली की हूं म्हणतं, तसं.

मी बटन दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला.

"मावशी, हे बघा. जिवंत आहे."

"मग बोलत काहून नाई?"

याचं उत्तर शोधायला मला पाच मिनिटं लागली. कॉम्प्युटरचा विचार करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. स्क्रीनवर चित्र उमटवायची सोय बऱ्याच प्रोसेसरमध्ये आतच असते. काहींत ती नसते. तसा प्रोसेसर घेतला तर ग्राफिक कार्ड नावाची वेगळी पट्टी लावावीच लागते. वंदनाला मिळालेला प्रोसेसर तसला होता आणि ग्राफिक कार्ड तिला कुणी दिलंच नव्हतं. प्रोसेसर चांगला, बोर्डही चांगला, फक्त जोडी जमणारी नव्हती. मशीन सगळा विचार करत होतं, पण चेहऱ्यावर काहीच आणू शकत नव्हतं.

मी कपाटातलं एक जुनं ग्राफिक कार्ड काढून लावलं. स्क्रीन उजळला. वंदनाच्या तोंडून "अगंबाई!" निघालं.

मी तिच्यावर थोडी चिडले. "माझ्याकडे शिकलीस ना? नंबर पाहायचा नाही आधी?" मग आठवलं, मी शिकवलं तेव्हा असे प्रोसेसर इथे येतच नव्हते. राग गिळला. तिच्याकडून कागद मागितले. दुकानातून आधी मिळालेलं एस्टिमेट आणि नंतरचं बिल. एस्टिमेटवर चित्राची सोय असलेला प्रोसेसर होता. बिलावर दुसराच.

"मॅडम, कुंकू पुसून टाका ना. मग काहीच म्हणणार नाही तो," वंदना हळूच म्हणाली.

माझ्या हातात ब्रश होताच. पुसणं एका मिनिटाचं काम. पण दारातली म्हातारी माझ्या हाताकडे बघत होती. ते पुसलं असतं, तर दोष कुंकवाचाच होता असं मीही कबूल केल्यासारखं झालं असतं. मी ब्रश ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी यवतमाळच्या एसटीत बसलो. कॅबिनेट शालीत गुंडाळून मी आणि वंदनानं मांडीवर घेतलं होतं. जनाबाई पलीकडच्या सीटवर, हात पदराखाली. दारव्ह्याच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पांढरे पुंजके उडून बाभळींना लटकले होते. बस संथ झाली, ऊन मांडीवर आलं आणि मला डुलकी लागली. डुलकीत वाटलं, शालीत एक झोपलेलं लेकरू आहे आणि त्याला उठवायला आपण परगावी चाललो आहोत. जागी झाले तेव्हा जनाबाई शालीकडे बघत होत्या.

"धक्का लागन वो तेले," त्या म्हणाल्या. पण हात पदराबाहेर आला नाही.

दुकानदार किशोरभाऊ पन्नाशीचे गृहस्थ, बोलायला गोड. झाकण उघडताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"मॅडम, तुम्ही तर या लाइनच्या आहा. हा माल मी वापस कसा घेऊ? कंपनीवाले हसतीन मले."

"तुमच्याई कम्प्युटरले लावलंच की," जनाबाई मागून म्हणाल्या. काउंटरवरच्या मॉनिटरच्या कडेला लक्ष्मीपूजनाचं स्वस्तिक अजून होतं.

"आजी, ते बाहेरून आहे. तुम्ही आतून लावलं."

यात ते बरोबर होते आणि मी तसं म्हटलं. ओली हळद स्लॉटमध्ये गेली असती, तर बोर्ड खरंच गेला असता. इथे हळदीचं बोट मोकळ्या जागेवर टेकलं होतं आणि वाळूनही गेलं होतं. वाद घालायला मला आवडत नाही, मी त्यात हरते. म्हणून मी पिशवीतून ग्राफिक कार्ड काढलं, लावलं, त्यांचाच मॉनिटर जोडला. स्क्रीन उजळला.

"आता सांगा भाऊ, बोर्ड मेला आहे का?"

मी एस्टिमेट आणि बिल शेजारी शेजारी ठेवलं. "प्रोसेसर का बदलला?"

त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले. मग खुर्चीत मागे टेकले.

"धनतेरसची गर्दी होती. पहिला स्टॉक संपला, तं त्याच किमतीत मी फास्टवाला देल्ला. बाईचं भलंच करून राह्यलो, असं वाटलं मले. कार्डाचं ध्यानातच नाई आलं." आणि वर म्हणाले, "इथं जोडलं असतं तं तवाच दिसलं असतं."

"आणि फोनवर मशीन न बघता निकाल दिलात, तो?"

त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. माणूस वाईट नव्हता. "जाऊ द्या मॅडम. रिफंड घ्या, नाही तं बदलून घ्या. एक पैसा कापत नाई."

वंदना म्हणाली, "बदलून द्या." शाळेच्या बॅजचं काम तिच्याकडे पडून होतं. किशोरभाऊ कपाटाकडे वळले. माझ्या मते केस संपली होती.

"थांब भाऊ," जनाबाई पुढे आल्या. "तू फोनवर म्हटलं का बोर्ड म्या मारला. साऱ्या घरानं आयकलं. आता खरं काय ते लिहून दे."

"आजी, आजवर मी असं कोणालेच लिहून नाई देल्लं."

"मग तुह्या पेटीले कोण हात लावते? ने वापस. मले बकऱ्याचे पैसे नाई पायजे. माहे हात पायजे."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली. किशोरभाऊंनी खिशातून पेन काढलं. नवा प्रोसेसर धरून सगळ्या पार्टांचं नवं बिल केलं आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं: हळद-कुंकवाने बोर्ड खराब झाला नाही. प्रोसेसर आमच्याकडून चुकीचा गेला. खाली सही, शिक्का.

"वाच," जनाबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

किशोरभाऊंनी वाचलं.

"अजून एकडाव. मोठ्यानं वाच."

त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं. माझे डोळे भरून आले. मी मुकाट्यानं प्रोसेसर बसवायला घेतला.

"आजी, आता बटन तुम्हीच दाबा," किशोरभाऊ म्हणाले. पदराखालून हात बाहेर आला. हातावर कापसाच्या बोंडांचे जुने ओरखडे होते. बोट बटनावर टेकलं, पंखे फिरले, स्क्रीन उजळला. परतीच्या बसमध्ये कॅबिनेट जनाबाईंच्या मांडीवर होतं. दिग्रस येईपर्यंत त्यांनी ते कुणाला दिलं नाही.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगते. पूजा जरूर करा, पण कॅबिनेट बंद करून. आणि एस्टिमेट फेकू नका, बिलाशी ताडून बघा. तिसरी गोष्ट मला गेल्या वर्षी कळली. वंदनाच्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वॉरंटीत असतानाच बंद पडला. मी म्हटलं, जुनं बिल आण. ती म्हणाली, "मॅडम, बिल देवघरात आहे. आत्याबाई देत नाहीत. रोज पूजा होते त्याची."

शेवटी मीच तिच्या गावी गेले. देवांच्या रांगेत बिल फ्रेममध्ये उभं होतं, मागची बाजू पुढे करून. जनाबाईंनी ते माझ्या हाती दिलं नाही. स्वतःच फ्रेममधून काढून, उलटं करून माझ्यापुढे धरलं. लिहून दिलेली अक्षरं झाकू नयेत म्हणून त्या रोज बिल काढून याच बाजूला वाहत होत्या; पार्टांचे सगळे नंबर हळद-कुंकवाखाली गेले होते.

तर तिसरी गोष्ट अशी. बिल हातात पडलं की आधी झेरॉक्स काढा.