त्रिविक्रमाने गाणी सोडली

कुंभकोणमच्या एका पॉलिटेक्निकात त्रिविक्रमराव कॉम्प्युटर शिकवत असे. म्हणजे वीज असेल तेव्हा शिकवत असे. मनाने तो प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या पंथात होता. या पंथात गाणं वीस मिनिटांचं असतं आणि ताल मधेच बदलतो. मृदंग ऐकत वाढलेल्या माणसाला यात बंडखोरी ती कसली, ते कधी कळलं नाही.

नव्याण्णव साली एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्याला ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळालं. दूरदेशीच्या अनोळखी लोकांनी लिहून, आतला कोडसुद्धा उघडा ठेवून, फुकट वाटलेलं. अन्नदानच ते, फक्त वाढपी दिसत नव्हते. त्यावर त्याने गिटार, घरची हार्मोनियम आणि स्वामीमलैच्या मूर्तिकारांच्या कानशीची घसघस असं एकावर एक चढवलं. दुपारी डोळे मिटून ऐकताना भिंती हलकेच सरकत, वाळूतली कावेरी उठून न्हाणीघरापर्यंत येई, तिच्यावर पितळी मासे तरंगत. मग कॉम्प्युटर अडके.

शब्द घरच्या मराठीतले, तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन इथेच मुरलेल्या. मद्रासच्या रॉकवाल्यांना ते कळेनात. पुण्याच्या एका पाहुण्याला कळले, तर तो म्हणाला, "शिलालेखाला चाल छान लावलीय." उरले नात्यातले पंधरा-वीस जण. त्यांनी ऐकलं नाही, तर हे गाणं जगात कोणासाठीच नव्हतं.

"आई, शुक्रवारी मी पाट्टु सोडतों. सगळ्यांस बोलाव," तो म्हणाला. पाट्टु म्हणजे गाणी. आणि तमिळ गावात सिनेमा थेटरात 'सोडतात', तशी ती सोडायची.

त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, काशीला जाऊन वांगं सोडलं होतं. त्यांना सोडणं एकाच प्रकारचं ठाऊक. त्यांनी डोळे पुसले आणि पायसम् करायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी रघूत्तममामाने भाच्याच्या खांद्यावर शाल घातली. "शाबास रे! गिटार सोडणें म्हणजे काप्पी पिणें सोडण्यासारखें. आतां मुली सांगून येतील."

त्रिविक्रमाला उलगडा झाला. गप्प राहिलं तर शाल होती, पायसम् होतं, कदाचित बायकोही. त्याने शाल नीट सावरली आणि गाण्यांची कॅसेट लावली.

कानस घसघसली. गिटार मिसळली. "वाळूंत निजली कावेरी..."

"अय्यो! हें सोडलें?" मामा उठला. "हें तर धरलेंस की!"

रुक्मिणीबाईंनी हात वर केला. "थांब. कावेरी निजत नाही रे. निजतात तीं माणसें. ती पहुडते."

"अक्का, आपली आई निजली असेंच म्हणे."

"आई तुझ्याविषयीं म्हणे. दुपारचे बारा वाजले तरी."

वाद पेटला. त्रिविक्रमाने ती ओळ मागे नेऊन तीनदा ऐकवली. हळूहळू बोलणी विरली. ताल बदलला, तेव्हा मांडीवर ताल धरलेला चुलतीचा हातही आपोआप बदलला. बाजू संपली.

मामाने चपला शोधल्या, घड्याळ पाहिलं, आणि परत येऊन बसला.

"राहुकाळ लागला. आतां बारापर्यंत निघतां यायचें नाही," तो कुरकुरला. "दुसरी बाजू लाव."