माउलीचे दूध

देवळाच्या कोपऱ्यात निर्माल्य साचते, तसे भजनी मंडळात किस्से साचत जातात. दोन्ही वाटेवर टाकवत नाहीत! पोशीरच्या आमच्या विठ्ठलमंदिरातले हे काही, एका मांजरीभोवतीचे.

*

पहाटेच्या काकड्याला खाचरांवरचे धुके गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येई, आणि त्या धुक्यातूनच जणू ती पांढरी मांजर आकार घेई. आमचे गायक हरिबुवा तिला ‘माउली’ म्हणत. बुवा घरी एकटे. गळ्यात चाळीस वर्षांची तुळशीमाळ.

एकदा ऐन अभंगात पखवाज पोकळ वाजू लागला. नाद भरावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात. ती माउलीने मघाशीच चाटून साफ केली होती!

पखवाजी गंगाराम हताश झाला. “बुवा, हिनं आज ताल खाल्ला!”

“भुकेली असेल रं,” बुवा म्हणाले.

*

त्या दिवसापासून नैवेद्याचे गाईचे दूध तिला मिळू लागले. तिसऱ्या दिवशी तिचे पोट बिघडले, तेही बुवांच्या आसनावर!

बुवा दुखावले. “प्रसादानं कधी पोट बिघडतं?”

देवळाची झाडलोट करणारी बायजाबाई म्हणाली, “बुवा, देवाचं पोट येगलं, मांजरीचं येगलं! माज्या शेळीचं दूध द्या. आमच्या म्हाताऱ्याला पचतंय, हिला का नाय पचणार?”

बुवांनी वाटीभर पाजले. दुसऱ्या पहाटे माउली उठेना. त्या दिवशी बुवांचा आवाजही उठेना.

*

टेंपोने तिला कर्जतला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. घाईत दुसरे काही सापडले नाही, म्हणून पखवाजाच्या गवसणीत घालून!

“मी वाद्यं तपासत नाही,” डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात गवसणी क्षीणपणे म्यावली.

इंजेक्शन देऊन त्यांनी शांतपणे समजावले, “शेळीच्या दुधातही तीच साखर असते, गाईच्यापेक्षा जराशी कमी, एवढंच. पुष्कळ मोठ्या मांजरांना ती पचत नाही. विष नव्हे ते. धडधाकट मांजरीला उकळून गार केलेलं चमचाभर सोसेलही. पण हिला आता दूध बंद. पाणी द्या. आणि उकडलेली मासळी, काटे काढून.”

“डॉक्टर, ती देवळात राहते हो!”

“माळ तुम्ही घातलीत, बुवा. तिनं नाही.”

*

दोन दिवस बुवांनी तिच्यापुढे मऊ भात ठेवला. ती हुंगे आणि मान फिरवी. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी बुवा मला म्हणाले, “अण्णा, नेरळच्या बाजारात येता का जरा?”

उपरण्याने नाक झाकून, डोळे मिटून ते मासळीच्या पाट्यांपुढे उभे राहिले. मासळीवाली चपापली. “बुवा, वाट चुकलात काय?”

“नाही बाई,” बुवा म्हणाले. “आजवर ही वाट टाळत होतो.”

*

दुसऱ्या पहाटे धुके इतके दाट होते, की समई तेवढी तरंगताना दिसत होती. बुवांच्या परसात तीन दगडांची चूल नुकतीच विझली होती. दुसऱ्यांदा स्नान करून, ओल्या धोतराने ते देवळाच्या मागच्या दाराशी आले. हातात झाकलेला डबा. पायरीवर माउली मान उचलून बसली होती.

बायजाबाईचा केरसुणीचा हात थांबला. तिने हवेत वास घेतला.

“बुवा, आज एकादशी हाय. डब्यात काय हाय?”

बुवांनी झाकण काढले, आणि डोळे मिटून डब्याभोवती पाणी फिरवले.

“नैवेद्य गं.”