चौदा न येणारं घर

आर्लीन कोब्सच्या तळघरात चौदा येत नाही, हे तिथं खेळणाऱ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचं आता कुणाला नवल वाटत नसे. कुणाच्या घरात नळ गळतो, कुणाच्या घरात दार अडकतं; कोब्सांकडे चौदा येत नाही. सतरा मात्र हमखास येई. मर्ल म्हणायचा, "सतरा म्हणजे घरचाच माणूस. दार न ठोठावता आत येतो."

मर्ल झॅस्ट्रो हा आर्लीनच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघांचं पहिल्या दिवसापासून भांडण, आणि एकमेकांवाचून करमायचंही नाही.

आर्लीन शिबॉयगन गावात शाळेची बस चालवायची. अंगानं आडवी, बोलायला कमी. आरशात एकदा बघितलं की मागच्या बाकावरची मारामारी जागच्या जागी थांबायची. "बाई कुणाची बाजू घेत नाही," एवढी एकच ख्याती तिनं आयुष्यात कमावली होती आणि ती तिला पुरेशी होती. म्हणून तर हा खेळ गावात आला तेव्हा पंच म्हणून तिलाच बसवलं. पंचानं भुयारं रचायची, राक्षस ठेवायचे, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्यात शिरायचं. काय करणार ते तोंडानं सांगायचं, जमलं की नाही ते फाशांनी.

फासे तरी किती तऱ्हेचे! खंजिराचा घाव चार बाजूंच्या फाशावर, तलवारीचा आठ बाजूंच्या. तो चार बाजूंचा म्हणजे नुसतं टोक. धुण्याच्या मशीनपाशी आर्लीनच्या नवऱ्याच्या, लेस्टरच्या, अनवाणी पायाखाली आला की त्याच्या तोंडून जे निघे ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नसे. पण जगणं-मरणं ठरवायचा तो वीस बाजूंचा. तेव्हा त्याच्यावर वीसपर्यंत आकडे नसायचे. शून्य ते नऊ, तेच दोनदा, आणि तेही बिनरंगाचे. मेणाचा खडू घासून खाचा आपणच भरायच्या: अर्ध्या काळ्या, अर्ध्या लाल. काळा तीन म्हणजे तीन. लाल तीन म्हणजे तेरा. काळं शून्य दहा, लाल शून्य वीस.

तो फासा आर्लीननं स्वतः रंगवला होता, बस शाळेबाहेर उभी करून, स्टिअरिंगच्या चाकावर फडकं पसरून. आता त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. टाकला की थांबायचंच विसरायचा.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी दुपारी टेबलाशी तिघंच होती: आर्लीन, मर्ल आणि आयोनी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. मर्लच्या कारखान्यानं माणसं कमी केली होती. सोमवारी तो ह्यूस्टनला निघणार होता, बायकोला मागाहून बोलावणार होता.

"आज मला एकच काम आहे," कोट काढता काढता तो म्हणाला. "टॉर्विकला जिवंत ठेवून जायचं. तिकडं ना बर्फ, ना धड सॉसेज. इथं आपलं कुणीतरी वाट बघत बसलंय एवढं तरी असू दे."

टॉर्विक हा त्याचा बुटका योद्धा. मर्लचं लग्न झालं त्या हिवाळ्यात जन्मला, आणि त्यानंतर आर्लीननं त्याच्यावर काय काय सोडलं तरी मेला नव्हता.

"मग गप्प बसून राहा," आयोनी म्हणाली. "कशाला हात लावू नकोस."

"तेवढंच जमत नाही ना त्याला," आर्लीन म्हणाली.

आणि नाहीच जमलं. तिसऱ्या दालनात पितळी पेटी होती. आयोनी म्हणत होती काठीनं उघड, तोवर मर्ल बोलून मोकळा: "टॉर्विक झाकण उचलतो."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

आर्लीननं एक दीर्घ श्वास घेतला. "सुई. बोटात शिरली. विष आहे."

मर्लचा चेहरा उतरला. "वाचायला किती हवेत?"

"चौदा. किंवा वर."

"चौदा! या घरात!" तरी त्यानं फासा मुठीत घेतला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. फासा टेबलभर हिंडला, बियरच्या बाटलीला लागला, आयोनीच्या कोपराशी येऊन थांबला.

चार. काळा.

आर्लीन तोंड उघडणार, तेवढ्यात मर्लनं फासा उचलला. "थांब. मरतोच आहे तर ते तुझं चौदा एकदा डोळ्यांनी बघू दे. लाल चार. कसा दिसतो मेला?" तो फासा फिरवू लागला. "लाल नऊ... लाल दोन... लाल सात... लाल सात?"

"मोजता येतं का तुला?" आयोनी म्हणाली. "दे इकडं." तिनं दिव्याखाली धरून एकेक बाजू पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. "आर्लीन," ती हळू आवाजात म्हणाली, "यात लाल चार नाहीच आहे. दोन्ही काळे. आणि सात दोन्ही लाल."

आर्लीनच्या लक्षात आलं ते लगेच. दहा लाल, दहा काळे, एवढं तिनं बसमध्ये मोजलं होतं. कुठला आकडा दोनदा एकाच रंगाचा झाला, ते बघितलंच नव्हतं. तिच्या कानांपर्यंत लाली चढली.

"म्हणजे मी वाचलो!" मर्लनं टेबलावर हात आपटला. "हा चार लालच असायला हवा होता!"

"हाच कशावरून? दुसरा का नाही?" आयोनी उसळली. "आणि तू वाचलास तर माझ्या पात्राचं, त्या भिक्षुणीचं काय? ती नाताळात काळ्या चारवरच गेली ना? तिलाही उठव मग!"

"आणि त्याआधी तुझी भिक्षुणी सतरावर सतरा मारून जगली, ते?"

"तू नाही मारलेस?"

"गप्प बसा," आर्लीन म्हणाली. बसमधला आवाज.

ती शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन आली. "झालं ते झालं. फासा खोटा होता, पण सगळ्यांशी सारखाच खोटा. कुणी उठणार नाही, कुणी मरणार नाही. पण टॉर्विकचं मी अजून बोलले नाही." त्या टेबलाचा नियम होता: पंचानं तोंडानं सांगितल्याशिवाय काहीच घडत नाही. "फासा नीट करते. मर्ल, तू परत टाक."

"चार तेवढा लाल कर," मर्ल गोड आवाजात म्हणाला. "सात राहू दे की. जाणाऱ्या माणसाला एवढं नाही करणार?"

आर्लीननं आरशात बघितल्यासारखं बघितलं.

"बरं बरं. दोन्ही कर."

अंगठ्याखाली आला तो चार तिनं सुईनं कोरला, काळं मेण काढलं, लाल भरलं. मग एक सात कोरला, काळा केला. फडक्यानं पुसून फासा मर्लपुढे ठेवला. या वेळी त्यानं फुंकर मारली नाही.

फासा हिंडला, रेंगाळला, थांबला.

सात. काळा, नव्या मेणानं चकाकणारा.

वर लेस्टरच्या खुर्चीचा आवाज तेवढा आला.

"सात," आर्लीन म्हणाली, पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तसं. "टॉर्विक मेला."

मर्ल फाशाकडे बघत राहिला. "मघाशी हा सतरा होता."

"होता."

"तू दुसरा सात काळा केला असतास तर?"

"तर अजूनही असता."

मर्लच्या गालाचा स्नायू हलला आणि मग तो असा हसत सुटला की आयोनीला बाटली धरावी लागली. जिन्यातून लेस्टरचा आवाज आला, "कोण मेलं?"

"टॉर्विक!"

"अरेरे. हॅम गरम आहे, खाऊन घ्या."

हॅम खाल्लं, गप्पा झाल्या. मर्ल 'चला' म्हणून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. मागल्या दाराशी कोट, टोपी, हातमोजे सगळं चढवून झालं तेव्हा आर्लीन फ्रीझरच्या झाकणावर तीन साधे, सहा बाजूंचे फासे ठेवत म्हणाली, "टाक."

"आता कशाला?"

"नवीन पात्र. आधी त्याचं बळ. बाकीचे गुण परत आलास की."

मर्लनं हातमोजा काढला. फासे झाकणावर खडखडले: सहा, तीन, दोन.

"अकरा," तो म्हणाला. "ना धड पैलवान, ना धड लुळा. ह्याचं मी काय करू?"

"ते आल्यावर ठरव," आर्लीन म्हणाली. तिनं कोऱ्या कागदावर 'बळ: अकरा' लिहिलं, नावाची जागा मोकळी सोडली आणि कागद चुंबकानं फ्रीझरला लावला. "दार ओढून घे, थंडी आत येतेय."