आभार पोचवायचे राहिले

आई गेली त्या वर्षी मी विद्यापीठात एम.ए. करत होतो. सारसोळ्याहून बसने खाडीपूल ओलांडून वर्गात जाऊन बसायचो, पण मन तिथे नसायचं. कॅन्टीनमध्ये मुलं खदखदून हसायची तेव्हा वाटायचं, सुख काय ते ह्यांच्याच वाट्याला आलंय. आईसाठी देवाकडे इतकं मागितलं, काही उपयोग झाला नाही. म्हणून हात जोडणंही सोडलं होतं. कुणीतरी ‘जेवलास का रे?’ एवढं विचारावं, ह्यासाठी जीव तुटायचा.

परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली आणि दवाखान्यात ठेवलं. बाबा मासेमारीला जाण्यापूर्वी घाईने डोकावून जात. समोरच्या खाटेवर दिघ्याचे एक कामगार छातीच्या दुखण्याने पडून होते. त्यांची बायको मराठवाड्याकडची. नवऱ्याला भरवून झालं की त्या मावशी वाटीभर पेज घेऊन माझ्याकडे येत.

“लेकरा, आज काय चांगलं झालं?”

“काहीच नाही, मावशी.”

“असं कसं? सकाळची पेज पोटात राहिली न्हवं?”

“राहिली.”

“मग तेच सांग की! न्हाई कसं म्हनतोस?”

पुढे त्या रोज विचारू लागल्या. सुरुवातीला मला वैताग यायचा. नंतर मात्र त्यांना काय सांगायचं, हे मी दिवसभर शोधत राहायचो. खिडकीतून आलेला खाडीचा वारा, बाबांचा कपाळावर टेकलेला खरबरीत हात. आईची आठवण कमी झाली नाही. पण ती नुसती टोचायची, तशी राहिली नाही. वर्गातले मित्र भेटायला आले तेव्हा त्यांच्या हसण्यात मीही सामील झालो.

एका सकाळी समोरची खाट रिकामी होती. मावशींचे यजमान पहाटे गेले होते. डोळे सुजलेले, गाठोडं काखेत, अशा त्या दाराशी थबकल्या आणि माझ्याकडे आल्या. मी उठून बसलो. त्यांनी माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

“पिवळं उतरलं, बाळा. आज हे चांगलं झालं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बरा झाल्यावर मी दिघ्याला गेलो. नाव विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. नुसती खूण सांगत चाळींतून हिंडलो. ‘गावी गेल्या असतील,’ एवढंच कळलं. परतताना मन भरून आलं होतं आणि ते रितं करायला समोर माणूस नव्हतं. गावदेवीच्या देवळात गेलो. काही मागावंसं वाटलं नाही. “आई, माझे आभार त्यांच्यापर्यंत पोचव,” एवढंच म्हणालो आणि कितीतरी वेळ रडत बसलो.

मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना पाहायची ओढ आजही तेवढीच आहे. निरोप पोचला की नाही, ते मी देवीवर सोपवलं आहे. रोज दिवा लावताना तो पुन्हा एकदा सांगतो मात्र.